दुरुस्त उघाडी पुन्हा नादुरुस्त करण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अधिकारी,
किनारी सिंचन व जलबचत कक्ष,
अलिबाग, जि. रायगड.

अर्जदार : जीवन गणराज घरत, धंदा शेती (पूर्वी ट्रक), राहणार मौजे खारबेडी, ता. अलिबाग.

विषय : मौजे खारबेडी येथील खाडीवरील उघाडी आपल्या आदेशाप्रमाणे पूर्वस्थितीत आणण्याच्या कामी आपण समक्ष हजर राहण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाची नोटीस, जी माझ्या नावाने आली व ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सर्वांसमक्ष मोठ्याने वाचली गेली.

महोदय,

आपली नोटीस पोहोचली. खाडीच्या बांधावरील उघाडीत मी व इतर ग्रामस्थांनी केलेला ‘अनधिकृत हस्तक्षेप’ काढून टाकावा आणि उघाडी ‘पूर्वस्थितीत’ आणून द्यावी, असा तीत आदेश आहे. आदेशाचा अर्थ मला लागला नाही असे नाही. लागला, म्हणूनच हा अर्ज करीत आहे. सदर उघाडीची पूर्वस्थिती ‘फुटकी’ अशी होती. ती चांगली झाली, ही तक्रार आपल्याकडे नोंदली गेली आहे आणि तिचे निवारण आपण मजकडून मागत आहात.

आपण नुकतेच बदलून आला आहात व आपले गाव समुद्रापासून लांब आहे असे समजते. म्हणून उघाडी म्हणजे काय ते आधी सांगतो, राग नसावा. आमची शेते खाडीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. मध्ये मातीचा बांध आहे. बांधाला एक दार आहे, त्याला लाकडी झडप आहे. ओहोटीला शेतातले पाणी झडप ढकलून खाडीत जाते आणि भरतीला खाडीचे पाणीच झडप दाबून बंद करते. याला वीज लागत नाही, माणूस लागत नाही. झडप मात्र लागते. आमची झडप कुजून गेली आणि बाजूच्या बांधाला खांड पडली. तेव्हापासून भरतीचे पाणी शेतात आले, शेतातून गावतळ्यात आले, आणि बांधाखालच्या जमिनीत भाताऐवजी खारफुटी उगवू लागली. तिला कोणी पेरले नव्हते, तरी ती जोमाने आली.

झडप बदलून मिळावी म्हणून गावाने आपल्या कक्षाकडे अर्ज केले. माझ्या आधी सरपंचांनी केले, त्यांच्या आधी त्यांच्या सासऱ्यांनी केले. शेवटी उत्तर आले, ते मला तोंडपाठ आहे : “उघाडीचे काम हे पाणी अडवण्याचे काम असून सदर योजना पाणी देण्याची आहे, सबब मागणी विचारात घेता येत नाही.” हे उत्तर ऐकून माझी पत्नी राही म्हणाली, “बरा झाला. म्हंजे समुदराला योजनेत घेतलाय.” ती रागाने म्हणाली होती. पुढे तसेच झाले.

सन २०२४ च्या डिसेंबरात आपल्या कक्षाच्या समन्वयक अमिषा मॅडम गावात आल्या. बाई कष्टाळू आहेत. भर उन्हात तळ्याभोवती फिरल्या, पट्टी रोवून पाणी मोजले आणि आनंदाने म्हणाल्या, “काका, दिवाळीनंतर एक बोटसुद्धा पातळी उतरलेली नाही! असं तळं मी अख्ख्या जिल्ह्यात पाहिलं नाही.”

मी म्हटले, “मॅडम, ते उतरणार नाही. खाडी भरते तसं ते भरतं.”

“म्हणजे बारमाही स्रोत,” त्या म्हणाल्या.

“बारमाही आहे, पण खारट आहे.”

यावर त्यांनी मला समजावून सांगितले की, ठिबक सिंचनात पाणी किती वाचते ते पाहायचे असते, कसले आहे ते पाहण्याचे काम वेगळ्या कक्षाकडे आहे. तो कक्ष कुठे आहे असे विचारले, तेव्हा तो अद्याप स्थापन व्हायचा आहे असे कळले.

याप्रमाणे तळ्यावर सौरपंप बसला, तळ्यापासून वरच्या माळापर्यंत नळ घातला आणि माळावरच्या आमच्या पांढऱ्या कांद्याच्या वाफ्यांतून काळ्या नळ्या फिरल्या. येथे एक गोष्ट नमूद करतो. हा कांदा आम्ही भात निघाल्यावर, आपापल्या विहिरीच्या पाण्यावर करीत आलो आहोत. विहिरी माळावर असल्याने गोड्या आहेत. त्यांचे पाणी थोडे, म्हणून ते आम्ही जपूनच देतो. परंतु योजनेत स्रोत ‘सामूहिक’ असावा अशी अट होती आणि विहिरी खाजगी निघाल्या. सामूहिक म्हणावा असा एक समुद्र होता, तो जोडला गेला.

जानेवारीत उद्‌घाटन झाले. अलिबागहून पाहुणे आले, मांडव घातला. मी पुढे होऊन विनंती केली की आधी बांधाच्या कडेला पाणी सोडून पाहू, वाफ्यांत नको. पाहुणे म्हणाले, “शेतकरी नव्याला घाबरतोच.” टाळ्या पडल्या आणि चावी फिरवली गेली. नळ्यांतून थेंब पडू लागले. खरे सांगतो, दिसायला ते सुंदर होते. प्रत्येक रोपाच्या बुंध्याशी एक थेंब, इकडे नाही की तिकडे नाही. शेजारी येसूबाई उभ्या होत्या. त्या विधवा आहेत, आणि गावातल्या निम्म्या घरांना कांद्याचे बी त्याच देतात. बियाण्याचे कांदे निवडून वेगळे लावायचे, त्यांना फुलांचे गोंडे येऊ द्यायचे, गोंडे वाळवून बी काढायचे, हे त्यांच्या सासरी पूर्वापार चालत आले आहे. त्यांनी वाकून एक थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला आणि बोट पदराला पुसले. मला एवढेच म्हणाल्या, “जीवन, माझे वाफे यान आलेत का रं?”

आले होते. त्यांचे बियाण्याचे वाफे सर्वांत आधी, नळाच्या तोंडाशीच होते.

संच स्वयंचलित होता. रोज सकाळी ऊन चढले की पंप आपोआप सुरू व्हायचा आणि ठरल्या वेळी आपोआप थांबायचा. बंद करण्याचे बटण एका लोखंडी पेटीत होते व पेटीला कुलूप होते. चावी कंत्राटदाराकडे, कंत्राटदार माणगावचा, म्हणून मी माणगावला गेलो. तेथील इसम भला होता, चहा दिला, आणि चावी अलिबागला जमा केल्याचे सांगितले. अलिबागला आपल्या कक्षात गेलो, तर चावी माणगावला असल्याचे लेखी मिळाले. एसटीने मी या दोन गावांमधला रस्ता तोंडपाठ केला. ट्रक चालवत असताना तो रस्ता एवढा लांब वाटला नव्हता, कारण तेव्हा गाडीत माल असे आणि मनात काही नसे.

मी रस्त्यावर असताना रोज सकाळी समुद्र ठिबकत होता. पूर्वी आमचे पाणी वाया जाई, काही वाफ्याबाहेर सांडे, काही उंदरांच्या बिळात जाई. आता तसे नव्हते. एकही रोप सुटले नाही. मीठ ज्याच्या त्याच्या मुळाशी पोहोचले, समान वाटपाने. पाती आधी टोकाला पिवळी पडली, मग मधोमध, मग वाफेच्या वाफे झोपले. नळ्या कापाव्यात तर खांबावर पाटी होती की शासकीय मालमत्तेस हात लावल्यास गुन्हा दाखल होईल. येसूबाईंनी हात लावला नाही म्हणजे कापले नाही. त्यांनी नळ्यांना गाठी मारल्या. त्याबद्दल त्यांना समज देण्यात आली. समज देणाऱ्या कर्मचाऱ्याला त्या म्हणाल्या, “गाठी सोडून दे बाबा. पन माझं गोंडं मेलं त्यांची समज कोनाला देशील?” तो वाकून गाठी सोडू लागला. त्याचीही नोकरी आहे.

त्याच दुपारी राहीने घरातली जुनी गोधडी घेतली, शिडी लावली आणि सौरपाट्यांवर गोधडी पसरून चार कोपऱ्यांना दगड ठेवले. पंप दोन आचके देऊन थांबला. मी म्हटले, “राही, पाटी वाचलीस ना?” ती शिडीवरूनच म्हणाली, “वाचली. तिच्यान गोधडीचं नाव न्हाय.”

महोदय, येथपर्यंत जे झाले त्याला मी दुर्दैव म्हणेन. पुढचे काय म्हणावे ते आपण ठरवावे.

पंपाला मीटर आहे व तो आपल्या कार्यालयातूनच दिसतो, हे आम्हांस ठाऊक नव्हते. गोधडी पडल्या दिवसापासून मीटरने शून्य दाखवले. कार्यालयाने त्यावरून हिशेब केला की मौजे खारबेडीने पाण्याची शंभर टक्के बचत केली. बचतीत आमचे गाव पहिले आले. मार्च महिन्यात सन्मानचिन्ह घेऊन पुन्हा पाहुणे आले, या वेळी मुंबईहून रोरो बोटीने, गाड्यांसकट. त्यांना माळावर नेण्यात आले. सगळे वाफे पिवळे होऊन जमिनीशी लोळत होते. मला वाटले, आता तरी कोणी विचारील. पाहुण्यांनी खरोखरच विचारले, “हे असं का?” तेव्हा आपल्या कक्षातील एका अधिकाऱ्यांनी उत्तर दिले की कांदा काढणीला आला की पात अशीच पडते. हे खोटे नाही. तयार कांद्याची पात अशीच पडते. पाहुण्यांनी हौसेने एक रोप उपटले. खाली बोराएवढा कांदा होता. “ही छोटी जात का?” त्यांनी विचारले. “नवीन आहे,” अधिकारी म्हणाले. फोटो निघाला. त्यात मी सन्मानचिन्ह धरून उभा आहे आणि माझ्या मागे माझे पीक मेलेले आहे. तो फोटो आपल्या कक्षाच्या जिन्यात लावला आहे, येता-जाता आपण पाहिला असेल. माझा चेहरा आनंदाने तसा झालेला नाही.

अमिषा मॅडम त्या दिवशी मागे राहिल्या. येसूबाईंच्या वाफ्याशी बसून त्यांनी एक वाळका गोंडा हातात घेतला, चोळला, फुंकर मारली. हातात काहीच उरले नाही. “आजी, पुढच्या वर्षीचं बी?” त्यांनी विचारले. येसूबाई म्हणाल्या, “बी ह्याच होता.” त्यानंतर मॅडमनी वर काय कळवले मला माहीत नाही; त्यांची बदली झाली एवढे माहीत आहे.

त्या संध्याकाळी देवळासमोर गाव बसले. कोणी म्हणाले मोर्चा काढू, कोणी म्हणाले वर्तमानपत्रात देऊ. येसूबाई सहसा सभेत बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, “मोर्चा अलिबागला जाईल. भरती हितं येते. हितंच कायतरी करा.”

मग आम्ही जे केले तो आपल्या भाषेत ‘अनधिकृत हस्तक्षेप’. त्याचे वर्णन आपल्या नोटिशीत नाही, म्हणून अभिलेखासाठी देतो. थळचे बाळाजी होड्या बांधतात. ते आले, उघाडीच्या तोंडात उतरले, हाताने माप घेतले आणि म्हणाले, “होडीत पानी येऊ द्यायचं न्हाय, हितं शेतान येऊ द्यायचं न्हाय. काम एकच.” त्यांनी होडीच्या लाकडाची झडप केली. माझा मेव्हणा सदा डंपर चालवतो, त्याने चिकणमाती आणली. मे महिन्यातली भांगाची भरती पाहून, म्हणजे पाणी कमीत कमी चढते त्या दिवसांत, आम्ही कामाला लागलो. मातीचा थर, त्यावर पेंढा, पुन्हा माती. बायका घमेल्यांची रांग लावून होत्या. शहरात नोकरीला असलेली माणसे रजा टाकून आली होती. ज्यांनी गावात असताना कधी चिखलात पाय घातला नव्हता तीही गुडघाभर चिखलात होती.

खांड बुजत आली आणि तिचे शेवटचे तोंड राहिले होते तेव्हाच पाणी भरतीकडे फिरले. भरतीला आम्ही अजून वेळ आहे असे धरले होते. वाऱ्याने ती लवकर आणली. ओल्या मातीतून धार सुटली. ती बोटाएवढी होती, मग मनगटाएवढी झाली. सदा ओरडला, “सरका, बांध जातोय!” कोणी सरकले नाही. येसूबाई तर उलट खाली उतरल्या आणि धारेला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्यांच्या बाजूला राही, तिच्या बाजूला मी, मग सगळेच. आमच्या पाठींवरून वरची माणसे माती टाकीत होती. महोदय, मी घाटात ब्रेक गेलेला ट्रक सांभाळला आहे, पण पाठीवर खाडी कधी घेतली नव्हती. ती सारखी ढकलत असते, माणसासारखी मध्ये दम घेत नाही. मला वाटले, आता येसूबाई माझ्यादेखत जाणार. तेवढ्यात पलीकडे पाणी झडपेपर्यंत चढले आणि झडप ‘धप्’ करून बंद झाली. वरून टाकलेली माती बसली तशी धारही बारीक झाली, मग नुसती ओल राहिली. कोणी जयजयकार केला नाही. सगळे तिथेच चिखलात बसले. येसूबाई म्हणाल्या, “आता ह्या समुदराला घरी जाऊ दे.” मग मात्र हसता हसता सर्वांचे डोळे भरून आले.

पावसाळ्याने जमिनीतले मीठ धुतले. बांधाखाली इतक्या वर्षांनी भात झाले. पहिल्या वर्षाच्या मानाने बरे झाले. गावतळे गोडे झाले. शेजारच्या गावाने बियाण्याचे कांदे दिले, ते येसूबाईंनी लावले. आणि राहीने गोधडी काढली. आपण आश्चर्य कराल, पण ठिबक संच उत्तम चालतो. निम्म्या पाण्यात कांदा होतो, गवत कमी येते, कंबर मोडत नाही. आम्ही आपल्या योजनेच्या विरोधात नाही. योजना चांगली आहे. तिला फक्त पाणी हवे होते, आणि ते आम्ही आणून दिले.

इथे आमची चूक झाली. गोडे पाणी वापरले की कमी होते. या जानेवारीत आपल्या कक्षाचे नवे निरीक्षक आले, त्यांनी तळ्यात पट्टी रोवली आणि पातळी उतरल्याचे पाहून त्यांना धक्का बसला. बारमाही स्रोत बारमाही राहिला नव्हता. कारण शोधत ते बांधावर गेले आणि तेथे त्यांना एक चांगली, घट्ट बसणारी झडप सापडली. त्यावरून आपली नोटीस निघाली : ‘जलस्रोताच्या नैसर्गिक आवकेस अडथळा.’ शिवाय मीटर आता शून्य दाखवत नसल्याने गाव बचतीत सर्वांत खाली गेले असून, सन्मानचिन्ह परत करावे असेही नोटिशीत आहे. सन्मानचिन्ह न्यावे. त्याबद्दल अर्ज नाही.

उघाडीबद्दल आहे. माझी नम्र विनंती अशी की, आदेश आपला आहे, तर त्याची अंमलबजावणी आपल्या देखरेखीखाली व्हावी. पूर्वस्थिती नेमकी किती फुटकी होती याबाबत गावात मतभेद आहेत. आम्ही जास्त फोडली तर नुकसान केल्याचा ठपका येईल आणि कमी फोडली तर आदेशभंग होईल. तरी येत्या १७ तारखेस अमावास्या आहे. त्या दिवशी भर दुपारी उधाणाचे पाणी बांधाला टेकते. त्या वेळी आपण खारबेडीस यावे. माळावर कांदा उभा आहे, येसूबाईंच्या गोंड्यांना आता फूल आले आहे. ते आधी पाहावे, मग बांधावर यावे. सर्व गाव हजर राहील. बायकामुले असतील, रजा टाकून मुंबईची माणसे असतील, थळहून बाळाजी येतील. कोणी आपणास अडवणार नाही, कोणी घोषणा देणार नाही. कुदळ आम्ही देऊ. मात्र ती उचलायला गावातला एकही हात मिळणार नाही, हे आधीच कळवतो, म्हणजे आपली ऐन वेळी गैरसोय होऊ नये. झडपेवर पहिला घाव आपणच घालावा लागेल.

घाव घातला तरी न घातला तरी, आपण उपाशी परत जायचे नाही, असे येसूबाईंनी निक्षून सांगितले आहे. पंगत त्यांच्या अंगणात आहे. भाकरी, सुकट आणि नव्या पातीचा कांदा. आपला हात त्या वेळी कसा असेल, चिखलाचा की कोरडा, त्याप्रमाणे वाढणाऱ्याला काय वाटायचे ते वाटेल, पण वाढतील.

आपला आज्ञाधारक, मात्र उघाडीपुरता नाही,

(सही)
जीवन गणराज घरत

सोबत सह्या : राही जीवन घरत, येसूबाई (अंगठा नाही, सही करतात), व बांधावर जे होते ते सर्व.

ठिकाण : मौजे खारबेडी
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६

सोबत जोडले आहे :
१. आपल्या नोटिशीची प्रत.
२. सन्मानचिन्ह, मूळ.
३. गावतळ्याचे पाणी, एक बाटली. पिऊन पाहण्यास हरकत नाही.